प्रधानमंत्री संग्रहालय, नवी दिल्ली : अनुभवाचा प्रश्न मनात ठेवून केलेली पाहणी

देशाचा नेता निवडताना त्याच्या गाठीशी असलेल्या राजकीय अनुभवाला किती वजन द्यावे, हा प्रश्न प्रत्येक लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर निघतो आणि मतमोजणी झाली की मागे पडतो. चर्चेत जो तो आपल्या सोयीची दोन-तीन नावे पुढे करतो. अनुभवाची महती सांगणारा नरसिंह रावांचे नाव घेतो, तर नव्या माणसाला संधी मागणारा राजीव गांधींकडे बोट दाखवतो. ही सगळी उदाहरणे एकाच आवारात, ओळीने पाहता येतील अशी जागा म्हणजे दिल्लीतील तीन मूर्ती भवनाच्या परिसरातले प्रधानमंत्री संग्रहालय. हा प्रश्न मनात ठेवूनच मी ते पाहिले, आणि येथे त्याचे मूल्यमापनही त्याच अंगाने करणार आहे.

संग्रहालयाचे उद्घाटन १४ एप्रिल २०२२ रोजी, आंबेडकर जयंतीच्या दिवशी झाले. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे मूळचे तीन मूर्ती भवन. १९३० साली इंग्रज सरसेनापतींसाठी बांधलेल्या या वास्तूत पंडित नेहरू पंतप्रधान असताना सोळा वर्षे राहिले. दुसरा भाग म्हणजे तिच्या शेजारी नव्याने उभारलेली इमारत. दोन्ही मिळून ४३ दालने आहेत. स्वातंत्र्यलढा आणि संविधाननिर्मिती येथून सुरुवात होते आणि पुढे एकेका पंतप्रधानाची कारकीर्द उलगडत जाते. पक्ष कोणताही असो, पदावरचा काळ कितीही थोडा असो, प्रत्येकाची दखल घ्यायची हे मूळ धोरण मला मनापासून आवडले. चरणसिंग, चंद्रशेखर, देवेगौडा, गुजराल ही नावे एरवी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांपुरतीच उरली होती. येथे त्यांना माणूस म्हणून जागा मिळाली आहे.

माझ्या प्रश्नाचे पहिले उत्तर संविधानाच्या भागातच मिळायला हवे होते. आपल्या संविधानाने पंतप्रधानाला अनुभवाची कोणतीही अट घातलेली नाही. लोकसभेसाठी वयाची पंचवीस आणि राज्यसभेसाठी तीस वर्षे पूर्ण असावीत, एवढेच आहे. किंबहुना संसदेचा सदस्य नसलेली व्यक्तीही मंत्री होऊ शकते, फक्त सहा महिन्यांत तिने कोणत्या तरी सभागृहाचे सदस्यत्व मिळवले पाहिजे. ही मोकळीक अनवधानाने राहिलेली नाही. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेच्या समारोपाच्या भाषणात राजेंद्रप्रसादांनी स्पष्ट खंत व्यक्त केली होती की, कायदा राबवणाऱ्यांकडून आपण मोठी पात्रता मागतो, पण कायदा करणाऱ्यांसाठी निवडून येण्यापलीकडे कोणतीच पात्रता ठरवू शकलो नाही. पात्रता ठरवण्याचे काम अशा रीतीने मतदारावर सोपवले गेले, आणि म्हणूनच हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही. संविधानाचा भाग पाहणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनात ठेवून पुढच्या दालनांत पाऊल टाकावे, असे मला वाटते.

जुन्या भवनात नेहरूंची अभ्यासिका आणि शयनगृह जसेच्या तसे जपले आहे. काचेपलीकडची ती साधी खाट, पुस्तकांची कपाटे आणि लिहिण्याचे मेज यांच्यापुढे माणसे आपोआप हळू बोलू लागतात. देशोदेशींहून त्यांना मिळालेल्या भेटवस्तूही याच भवनात मांडल्या आहेत. पण अनुभवाच्या हिशेबात नेहरू हे विलक्षण प्रकरण आहे. १९४६ च्या हंगामी सरकारपूर्वी त्यांनी कधी मंत्रिपद सांभाळले नव्हते. कारभाराचा त्यांचा प्रत्यक्ष अनुभव होता तो १९२३ पासून काही काळ सांभाळलेल्या अलाहाबाद नगरपालिकेच्या अध्यक्षपदाचा. बाकीची शिदोरी होती आंदोलनाची, पक्षसंघटनेची आणि सुमारे नऊ वर्षांच्या तुरुंगवासाची. त्या शिदोरीवर त्यांनी निवडणुका, संसद आणि योजना आयोगाची घडी बसवली. आणि पदावर पंधरा वर्षे काढल्यानंतर, अनुभव सर्वाधिक असताना, १९६२ मध्ये चीनच्या बाबतीत त्यांचा अंदाज साफ चुकला.

सर्वांत जास्त वेळ द्यावा असे दालन इंदिरा गांधींचे. अनुभवाच्या वादातील दोन्ही बाजूंचे पुरावे या एकाच आयुष्यात सापडतात. १९६६ च्या जानेवारीत त्या पंतप्रधान झाल्या तेव्हा माहिती व नभोवाणी खात्याचे दीड वर्षाचे मंत्रिपद एवढाच त्यांचा सरकारी अनुभव होता. पाचच महिन्यांत, ६ जून १९६६ रोजी, त्यांनी रुपयाचे अवमूल्यन केले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका फटक्यात ७ रुपये ५० पैशांचा झाला. दुष्काळ होता, परदेशी मदत अडली होती, अर्थतज्ज्ञांचा सल्लाही होता. पण पक्षाध्यक्ष कामराजांना विश्वासात घेतले नव्हते, अपेक्षित मदत पुरेशी आली नाही आणि स्वपक्षातूनच टीकेची झोड उठली. आता याच निर्णयाच्या शेजारी १९९१ चा जुलै ठेवून पाहा. नरसिंह राव मंत्रिपदांची मोठी कारकीर्द पाठीशी घेऊन, अल्पमतातल्या सरकारचे पंतप्रधान झाले होते आणि परकीय गंगाजळी आयातीची दोन-तीन आठवड्यांची गरज भागेल एवढीच उरली होती. त्यांच्या सरकारने रुपया दोन टप्प्यांत उतरवला, १ जुलैला थोडा आणि त्यावरची प्रतिक्रिया अजमावून ३ जुलैला आणखी थोडा. एकूण घट सुमारे १८ ते १९ टक्के. उद्योग खाते रावांनी स्वतःकडे ठेवले होते. परवाना राज मोडणारे औद्योगिक धोरण २४ जुलैला, म्हणजे नेमके अर्थसंकल्पाच्याच दिवशी, सभागृहापुढे ठेवले गेले. अठरा उद्योग वगळता बाकी सर्वांना परवान्यातून मुक्ती देणारा हा निर्णय अर्थसंकल्पाच्या गदारोळात फारसा विरोध न होता पार पडला. काय करायचे हे सांगणारे तज्ज्ञ १९६६ मध्येही होते. ते कोणत्या दिवशी, किती टप्प्यांत आणि कोणाला सांगून करायचे, हे कळायला मात्र राजकारणात मुरावे लागते. अनुभवाच्या बाजूने याहून भक्कम पुरावा मला तरी माहीत नाही.

इंदिराजींना हे कसब पुढे आले, आणि फार लवकर आले. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत असताना त्यांनी घाईने सैन्य घुसवले नाही. लष्कराने तयारीला मागितलेला अवधी दिला, ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार केला, पाश्चात्त्य देशांचा दौरा करून आपली बाजू मांडली. डिसेंबरमधले युद्ध चौदा दिवसांत संपले. १९६६ च्या आणि १९७१ च्या इंदिराजींमधले अंतर हे पदावरच्या पाच वर्षांच्या शिक्षणाचे अंतर आहे. मात्र गोष्ट तिथे थांबत नाही. साडेनऊ वर्षांचा अनुभव जमा झाल्यावर, २५ जून १९७५ रोजी, त्याच इंदिराजींनी आणीबाणी आणली. येथे अनुभव कमी पडला असे कोणीही म्हणू शकणार नाही; उलट कोणते कलम वापरायचे, राष्ट्रपतींची सही केव्हा घ्यायची, वृत्तपत्रांची वीज केव्हा तोडायची, हे सगळे अनुभवी हातांनीच केले. या पाहणीत माझे मत जे पक्के झाले ते याच दालनात: सत्तेचा अनुभव कसब देतो, पण संयम देईलच याची हमी नाही. संयमाची चाचपणी मतदाराने वेगळी करावी लागते, आणि तिची चिन्हे बहुधा आधी दिसलेली असतात. १९५९ मध्ये इंदिराजी काँग्रेसच्या अध्यक्ष असताना केरळमधले नंबुद्रिपादांचे निवडून आलेले सरकार बरखास्त करण्याचा त्यांचा आग्रह होता, आणि ते झालेही. आधीची पदे किती होती हे मोजण्यापेक्षा त्या पदांवर असताना विरोधकाशी वर्तन कसे होते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

मराठी माणूस मोरारजी देसाईंकडे कोरड्या मनाने पाहू शकत नाही. ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर गोळीबार झाला. हुतात्मा चौकातून जाणाऱ्याला ते आठवतेच. केंद्रात त्यांनी दहा अर्थसंकल्प मांडले. १९७७ मध्ये वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी ते पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्याइतका प्रशासकीय अनुभव असलेला माणूस देशात क्वचितच होता. आधीच्या वर्तनावरून नेता ओळखावा हे माझेच वरचे विधान येथे जरा अडखळते. गोळीबाराच्या काळातला तो ताठर मुख्यमंत्री पंतप्रधान झाला, आणि त्याच्याच सरकारने ४४ वी घटनादुरुस्ती आणून आणीबाणी लादणे अवघड केले. मध्यंतरी काय घडले होते? मोरारजींनी स्वतः आणीबाणीतले जवळजवळ एकोणीस महिने स्थानबद्धतेत काढले होते. सत्ता वापरण्याच्या अनुभवाबरोबर सत्ता सोसण्याचा अनुभवही असतो, आणि दुसरा पहिल्याहून अधिक मोलाचा ठरू शकतो, असे मला त्यावरून वाटते. वाजपेयींच्या बाबतीतही तेच म्हणता येईल. १९५७ मध्ये बलरामपूरहून लोकसभेत आलेल्या या माणसाने कोणत्याही राज्याचे मुख्यमंत्रिपद भूषवले नाही, केंद्रातले मंत्रिपद सव्वादोन वर्षांचे. उरलेला सारा काळ विरोधी बाकांवर गेला, १९८४ मध्ये ग्वाल्हेरला पराभवही पाहिला. एप्रिल १९९९ मध्ये एका मताने सरकार पडले तेव्हा त्यांनी तो कौल ज्या रीतीने स्वीकारला, ती रीत चार दशकांच्या विरोधी बाकांवरच घडली होती.

अनुभव नसलेल्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य आधार राजीव गांधी. वैमानिकाची नोकरी केलेला माणूस १९८१ मध्ये खासदार झाला आणि ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, थेट पंतप्रधान. दूरसंचार आणि संगणकीकरणाला त्यांनी दिलेली गती, पक्षांतरबंदीचा कायदा, मतदानाचे वय अठरावर आणणे, ही कामे जुन्या वळणाच्या माणसाने इतक्या लवकर केली असती की नाही याची मला शंका आहे. पण शपथविधीनंतरच्या पहिल्या तीन दिवसांत दिल्लीत शिखांची कत्तल झाली. सरकारी आकड्यानुसार एकट्या राजधानीत २,७३३ माणसे मारली गेली. हे नवखेपणामुळे झाले असे म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण त्या वेळचे गृहमंत्री होते पी. व्ही. नरसिंह राव, आंध्रचे माजी मुख्यमंत्री आणि माजी परराष्ट्रमंत्री. अननुभवी पंतप्रधान आणि मुरलेले गृहमंत्री, दोघांच्याही डोळ्यांदेखत लष्कर रस्त्यावर यायला उशीर झाला. पुढे ६ डिसेंबर १९९२ रोजी स्वतः पंतप्रधान असताना रावांनी उत्तर प्रदेश सरकारच्या आश्वासनावर विसंबून राहणे पसंत केले, आणि बाबरी मशीद पडली.

संग्रहालयाच्या रचनेतील माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव येथे दिसते. प्रत्येक पंतप्रधानाला स्वतंत्र जागा देण्याची पद्धत सन्मानाच्या दृष्टीने योग्य आहे, पण अनुभव असा दालनांत वाटला जात नाही. १९८४ चे राव एका दालनाचे आणि १९९१ चे राव दुसऱ्या दालनाचे. अवमूल्यनाचे दोन प्रसंग दोन ठिकाणी, आणि त्यांची तुलना करण्याचे काम पाहणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर. एकाच मोठ्या भिंतीवर सर्वांचे आयुष्यपट समांतर मांडले, कोण कोणाच्या मंत्रिमंडळात होता, कोण तेव्हा तुरुंगात होता, कोण विरोधी बाकांवर, हे एका नजरेत दिसले, तर या संग्रहालयाचे शैक्षणिक मोल दुप्पट होईल.

एका दालनाबाहेर साताऱ्याकडच्या एक निवृत्त शिक्षिका आपल्या नातवाला घेऊन बाकावर बसल्या होत्या. मराठी ऐकून मी थांबलो. त्यांनी मला विचारले, “अहो, यशवंतराव कुठं आहेत इथं?” मी म्हणालो, “बाई, ते पंतप्रधान झाले नाहीत, म्हणून त्यांचं दालन नाही.” त्या क्षणभर थांबल्या आणि नातवाकडे वळून म्हणाल्या, “मग याला कसं सांगू, की सगळ्यात जास्त शिकलेला गडी बाहेरच राहिला?” त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, चीन युद्धानंतरचे संरक्षणमंत्री, मग गृह, अर्थ, परराष्ट्र, लोकसभेतले विरोधी पक्षनेते आणि शेवटी चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान. यशवंतराव चव्हाणांइतकी खाती पंतप्रधान झालेल्या फार थोड्यांनी सांभाळली. पण त्यांनी ज्या सरकारात उपपंतप्रधानपद घेतले, ते लोकसभेला सामोरे न जाताच राजीनामा देऊन मोकळे झाले. अनुभवाची यादी कितीही लांब असली, तरी निर्णायक क्षणी कोणाच्या बाजूला उभे राहायचे याचे उत्तर त्या यादीत नसते. महाराष्ट्राला आपल्या या नेत्याबद्दल वाटणारे प्रेम आणि हळहळ, दोन्ही खरी आहेत, आणि दोन्हींची कारणे त्यांच्या कारकिर्दीतच आहेत.

अल्पकाळच्या पंतप्रधानांपैकी चंद्रशेखरांकडे अवश्य लक्ष द्यावे. पंतप्रधान होण्यापूर्वी ते कधीही मंत्री नव्हते. १९६२ पासूनची संसद, पक्षाचे अध्यक्षपद आणि १९८३ ची कन्याकुमारी ते दिल्ली पदयात्रा हीच त्यांची पुंजी. त्यांच्या काळजीवाहू सरकारच्या काळात, मे १९९१ मध्ये, वीस टन सोने परदेशी बँकेला विकून देशाची पत वाचवण्याचा अप्रिय निर्णय झाला. पुढच्या सरकारला जे सावरता आले, त्यात या निर्णयाचाही वाटा होता.

मनमोहन सिंग यांचा अनुभव वेगळ्या जातीचा. रिझर्व्ह बँक, योजना आयोग, अर्थ मंत्रालय हे सारे त्यांनी आतून पाहिले होते. लोकसभेची निवडणूक मात्र ते कधी जिंकले नाहीत, १९९९ मध्ये दक्षिण दिल्लीतून हरले. ज्ञान त्यांचे आणि जनाधार दुसऱ्याचा, ही विभागणी दहा वर्षे टिकली हे खरे, पण अखेरच्या वर्षांत तिचा भार त्यांच्या सरकारला पेलवला नाही असे माझे मत आहे. नरेंद्र मोदी यांची वाट नेमकी उलट. ऑक्टोबर २००१ मध्ये ते आमदारही नसताना मुख्यमंत्री झाले. पाच महिन्यांत गुजरातेत दंगली झाल्या. त्यांच्या जबाबदारीविषयीचा वाद दोन दशके चालला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाने दिलेली निर्दोषत्वाची ग्वाही कायम ठेवली. २०१४ मध्ये ते प्रथमच खासदार झाले आणि पंतप्रधान झाले. प्रचाराचा मुख्य मुद्दा होता गुजरातचा बारा वर्षांचा कारभार. राज्य चालवलेला माणूस केंद्र चालवू शकतो हे भारतीय मतदाराने तेव्हा मान्य केले. संसदेतल्या वर्षांचे महत्त्व त्याने किती कमी लेखले, याचा विचार मात्र व्हायला हवा, कारण विरोधी बाकांवरून सरकारला प्रश्न विचारण्याचा अनुभव कोणत्याही मुख्यमंत्रिपदातून मिळत नाही.

आता पाहणाऱ्यासाठी काही गोष्टी. अधांतरी तरंगणारी राजमुद्रा, पंतप्रधानांसोबत चालल्याचा आणि छायाचित्र काढल्याचा आभास, हेलिकॉप्टरमधून भविष्यातला भारत दाखवणारी सफर, यंत्राने हस्ताक्षरात लिहून दिलेले पत्र, हे सर्व मुलांना फार आवडते आणि ते उत्तम जमले आहे. शाळकरी मुलाला इतिहासाकडे खेचून आणण्याचे काम हे प्रकार करतात, म्हणून मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण मोठ्यांनी आधी दालने पाहावीत आणि मग तिकडे वळावे, नाहीतर दिवस तिकडेच संपतो. दोन्ही इमारती नीट पाहायच्या तर अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ हाताशी ठेवावा. सोमवारी संग्रहालय बंद असते. तिकीट काढताना त्यात काय काय समाविष्ट आहे ते विचारून घ्यावे. फलक हिंदी आणि इंग्रजीत आहेत, त्यामुळे मराठी वाचकाची अडचण होत नाही.

पहिल्यांदा मत देणाऱ्या मुलामुलींना घेऊन येथे जावे अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. जाताना त्यांना एकच काम सांगावे: प्रत्येक दालनात, हा माणूस पंतप्रधान होण्यापूर्वी कधी हरला होता, आणि हरल्यावर त्याने काय केले, एवढे शोधून आणा. सर्वच दालनांत याचे उत्तर हाती लागेल असे नाही. ज्यांना तेवढ्यावर थांबायचे नसेल त्यांच्यासाठी याच आवारात ग्रंथालय आहे, आणि आधुनिक भारताच्या अनेक नेत्यांची खासगी कागदपत्रे तेथे अभ्यासकांसाठी जपून ठेवली आहेत.